अपडेटची वाट पाहणारे फोन आणि अडलेली हक्काची कामे

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे हॉलतिकीट, बँकेचा ओटीपी, योजनेची केवायसी, रोजगार हमीची हजेरी, अंगणवाडीतल्या बाळाचे वजन या सगळ्यांची वाट फोनमधूनच जाते. आणि नेमके काम असते तेव्हाच पडद्यावर ओळ येते, ‘हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही.’ सेटिंगमध्ये जाऊन अपडेट शोधावे तर तिथे लिहिलेले असते, ‘तुमचा फोन अद्ययावत आहे.’

एकाच फोनवर दोन उलटी उत्तरे कशी येतात? ॲप म्हणते फोन जुना आहे, फोन म्हणतो सगळे ठीक आहे. खरे तर दोन्ही उत्तरे बरोबर असतात. ‘अद्ययावत आहे’ याचा अर्थ एवढाच, की या मॉडेलसाठी कंपनीने पाठवलेले शेवटचे अपडेट तुमच्याकडे पोचले आहे. ते शेवटचे अपडेट तीन वर्षांपूर्वीचे असले तरी फोन हेच वाक्य दाखवतो. अपडेट कोण पाठवते, ते का अडते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण गावात फोन अडला की लोक आधी त्यांच्याकडेच येतात.

अपडेट म्हणजे नेमके काय?

आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, ॲपचे अपडेट. हे प्ले स्टोअरमधून येते. व्हॉट्सॲप, बँकेचे ॲप, सरकारी ॲप ज्यांनी बनवले ते स्वतः पाठवतात. फोन बनवणाऱ्या कंपनीचा त्यात हात नसतो.

दुसरी, सुरक्षा पॅच. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी बुजवण्यासाठी गूगल दर महिन्याला दुरुस्त्या जाहीर करते. ही पद्धत ऑगस्ट २०१५ पासून सुरू झाली. त्याच्या आदल्या महिन्यात ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी उघड झाली होती. नुसता एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनमध्ये शिरता येईल अशी ती त्रुटी होती आणि जगातल्या सुमारे ९५ कोटी फोनना तिचा धोका असल्याचा अंदाज संशोधकांनी दिला होता.

तिसरी, अँड्रॉइडची नवी आवृत्ती, म्हणजे १३ वरून १४, १४ वरून १५. बहुतेक लोक ‘अपडेट’ म्हणतात ते हेच.

चौथी, गूगल प्ले सिस्टीम अपडेट. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, प्रणालीचे काही भाग गूगल कंपनीला मध्ये न घेता थेट बदलू शकते. त्यामुळे आवृत्ती जुनी राहिली तरी थोडे संरक्षण मिळत राहते. पण अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीच्या फोनना ही सोय नाही.

एक अपडेट किती हातांतून जाते?

भारतात दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. ॲपल स्वतःच फोन बनवते, स्वतःच चिप आखते, स्वतःच सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे तिचे अपडेट एकाच दिवशी सगळ्यांसाठी निघते. अँड्रॉइडचे तसे नाही.

गूगल अँड्रॉइडचा मूळ सांगाडा बनवते. तो आधी क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या चिप कंपन्यांकडे जातो. आपल्या जुन्या चिपवर नवे अँड्रॉइड चालावे यासाठी लागणारे सॉफ्टवेअर त्यांनी तयार करायचे असते. चिप कंपनीने जुन्या चिपचे काम थांबवले, तर फोन कंपनीची इच्छा असूनही पुढचा रस्ता अवघड होतो. त्यानंतर फोन कंपनी स्वतःचा मुलामा चढवते. सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा हायपर ओएस, ओप्पोचा कलर ओएस हे सगळे असेच मुलामे आहेत. मग प्रत्येक मॉडेलवर कॅमेरा, कॉल, बॅटरी, सिम यांची चाचणी होते. एका कंपनीची बाजारात पन्नास मॉडेल असतील, तर हे काम पन्नास वेळा करावे लागते.

यात पैशाचे गणित आहे. कंपनीला पैसा मिळतो तो फोन विकताना. अपडेटवर पुढे जो खर्च होतो, त्याचे वेगळे पैसे गिऱ्हाईक देत नाही. सत्तर हजारांच्या फोनवर हा खर्च परवडतो, सात हजारांच्या फोनवर नफाच मुळात थोडा असतो. म्हणून महाग फोनला आधी आणि जास्त वर्षे, स्वस्त फोनला उशिरा आणि कमी वर्षे, अशी रांग लागते. गूगलने पिक्सेल ८ साठी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी जानेवारी २०२४ मध्ये सात वर्षे अपडेट देण्याची हमी दिली. आठ-दहा हजारांच्या अनेक फोनना मात्र एखादी नवी आवृत्ती आणि दोन-तीन वर्षांचे पॅच एवढेच मिळते.

ही रांग मोडण्याचा एक प्रयत्न भारतातूनच सुरू झाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने ‘अँड्रॉइड वन’ ही योजना भारतात आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे साडेसहा हजारांच्या आसपासचे फोन त्यात होते आणि त्यांना अपडेट गूगल देणार होते. कल्पना चांगली होती, पण पुढे ही योजना मागे पडली. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गूगलने ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणले. त्यात चिपशी संबंधित भाग आणि वरचे अँड्रॉइड वेगळे केले गेले, म्हणजे वरचा भाग बदलताना खालचा दर वेळी नव्याने लिहावा लागू नये. यामुळे उशीर कमी झाला. पण किती वर्षे अपडेट द्यायचे हा निर्णय कंपनीच्याच हाती राहिला.

शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला अपडेट आले आणि आपल्याला नाही, असेही होते. कंपन्या अपडेट एकदम सगळ्यांना सोडत नाहीत. आधी थोड्या फोनवर पाठवून बिघाड होतो का ते पाहतात, मग संख्या वाढवतात. अशा वेळी आठ-पंधरा दिवस थांबणे योग्य. पण सहा महिने उलटूनही काही आले नाही, तर ते टप्प्याने येणारे अपडेट नव्हे.

नेटवर्क कंपनीचा संबंध कुठे येतो?

अमेरिकेत बरेच फोन नेटवर्क कंपन्याच विकतात. त्यामुळे तिथे अपडेट आधी त्या तपासतात आणि त्यांच्या मंजुरीत आणखी वेळ जातो. भारतात बहुतेक फोन खुल्या बाजारात विकले जातात. जिओ, एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांनी अडवले म्हणून अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली नाही, असे आपल्याकडे सहसा घडत नाही. पण फोनवरून 4G कॉल लागणे, वाय-फाय कॉलिंग, 5G या गोष्टी चालू व्हायला नेटवर्क कंपनी आणि फोन कंपनी दोघींनी मिळून काम करावे लागते.

याचा अनुभव विदर्भाने घेतला आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात 5G सुरू झाले. एअरटेलने पहिल्या टप्प्यात घेतलेल्या आठ शहरांत नागपूर होते. टॉवर सुरू झाले, लोकांच्या हातात महागडे 5G फोन होते, तरी अनेकांचा फोन 4G वरच राहिला. फोनमध्ये 5G चे यंत्र होते, पण ते भारतीय नेटवर्कवर चालू करणारे सॉफ्टवेअर कंपनीने अजून पाठवले नव्हते. त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी फोन कंपन्या आणि नेटवर्क कंपन्यांशी बैठक घेऊन घाई करायला सांगितले. ॲपलचे अपडेट डिसेंबर २०२२ मध्ये आले.

म्हणजे सरकारने मनावर घेतले तर कंपन्यांशी बोलता येते आणि तारखाही मिळतात, हे त्या वेळी दिसले.

आता गडचिरोलीकडे वळू. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा किंवा चंद्रपूरच्या जिवतीसारख्या तालुक्यांत आजही अनेक गावांचा भरवसा एकाच टॉवरवर असतो. बीएसएनएलचे स्वदेशी 4G जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झाल्याचे जाहीर झाले. पण टॉवर 4G झाला म्हणून जुने सिम आपोआप 4G होत नाही, ते बदलून घ्यावे लागते. शिवाय फोनच्या सेटिंगमध्ये 4G कॉलिंग चालू आहे का हेही पाहावे लागते. ‘टॉवर आला तरी फोन लागत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

दुसरी अडचण आकाराची. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दोन-तीन जीबीची असू शकते. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक आणि त्यात मधूनच जाणारे नेटवर्क, अशा ठिकाणी आलेले अपडेटही उतरत नाही. म्हणजे जंगलातल्या गावात दोन वाटा पाहाव्या लागतात. आधी कंपनीने पाठवण्याची, मग ते उतरण्याची.

अंगणवाडी सेविकांनी फोन परत का केले?

या विषयातला महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रसंग अंगणवाडी सेविकांचा आहे. पोषण अभियानाअंतर्गत राज्यातल्या सेविकांना सरकारने स्मार्टफोन दिले. संख्या एक लाखाच्या घरात होती. फोन पॅनासोनिकचा इलुगा आय ७ होता, रॅम २ जीबी. हे मॉडेल २०१८ मध्ये अँड्रॉइड ७ घेऊन बाजारात आले. अँड्रॉइड ७ गूगलने २०१६ मध्ये आणले होते. म्हणजे प्रणाली सुरुवातीपासूनच मागची होती.

आधी या फोनवर ‘कॅस’ हे ॲप चालत होते. १ मार्च २०२१ पासून केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ आणले. नवे ॲप जड, फोन तोच. फोन गरम होऊ लागले, अडकू लागले, भरलेली माहिती जाऊ लागली. वॉरंटी संपलेली होती. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या खिशातून जाऊ लागला आणि त्या वेळी त्यांचे मानधन महिन्याला दहा हजारांच्याही आत होते. त्यात ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगले नवे मोबाईल ही एक मागणी होतीच.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. हा प्रश्न कंपनीने एखादे अपडेट पाठवले असते तरी पूर्ण सुटला नसता. रॅम ही फोनच्या आत बसवलेली वस्तू आहे, सॉफ्टवेअर पाठवून ती वाढत नाही. उलट जुन्या फोनवर जड आवृत्ती घातली तर तो अधिक संथ होऊ शकतो. दोष खरेदीतच होता. पाच वर्षे चालवायचे काम आणि दोन वर्षांत दमणारा फोन, असा तो व्यवहार होता. पुढे ॲप किती जड होणार, फोनला अपडेट किती वर्षे मिळणार, बिघाड झाला तर खर्च कोण करणार, याची उत्तरे आधी ठरवली नव्हती. ती सगळी सेविकेवर येऊन पडली.

हेच इतरत्रही घडते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर एनएमएमएस ॲपने दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी घेणे बंधनकारक झाले. अंगणवाडीच्या घरपोच आहारासाठी १ जुलै २०२५ पासून चेहरा ओळखण्याची अट आली. ॲपमध्ये अट वाढली की फोनवर भार वाढतो. ती अट दिल्लीत किंवा मुंबईत लिहिली जाते, आणि ती पेलवेल असा फोन आहे की नाही हा प्रश्न धानोऱ्याच्या मेटचा किंवा कोरपन्याच्या सेविकेचा होऊन बसतो. मजुराची हजेरी लागली नाही तर मजुरी बुडते. चेहरा ओळखला गेला नाही तर गरोदर बाईचा आहार अडतो. फोन जुना असल्याचा दंड शेवटी ज्याच्याकडे फोनच नाही त्यालाही बसतो.

अपडेट थांबल्यावर काय होते?

फोन लगेच बंद पडत नाही. तो एकेक दार बंद करत जातो.

क्रोम ब्राउझरने २०२३ च्या अखेरीपासून अँड्रॉइड ७ साठी आणि २०२५ पासून अँड्रॉइड ८ व ९ साठी नवी आवृत्ती देणे थांबवले. व्हॉट्सॲपला जानेवारी २०२५ पासून किमान अँड्रॉइड ५ लागते. बँकांची आणि पैसे पाठवण्याची ॲपही आपली किमान पातळी वाढवत राहतात. अँड्रॉइड ७.१ पेक्षा जुन्या फोनवर काही संकेतस्थळे ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाहीत, कारण संकेतस्थळाची ओळख पटवणारी नवी प्रमाणपत्रे त्या फोनना माहीत नसतात. अर्ज भरताना पान उघडले नाही की विद्यार्थ्याला वाटते सर्व्हर बंद आहे. सर्व्हर चालू असतो, फोन मागे पडलेला असतो.

सुरक्षेचा भाग वेगळा. पॅच थांबलेल्या फोनमधल्या त्रुटी जगाला माहीत असतात आणि बुजवलेल्या नसतात. पण आपल्या भागात पैसे जातात ते बहुतेक फसवणुकीने. व्हॉट्सॲपवर ‘वाहतूक चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’ अशा नावाची एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो, परवानग्या देतो आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. नव्या फोनवरही हे होते. जुन्या फोनवर अडवणारे कुंपण आणखी कमी असते, एवढाच फरक.

आज आपण काय करू शकतो?

१. फोन तपासा. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ उघडून अँड्रॉइड आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख पाहा. पॅच वर्षाहून जुना असेल आणि अपडेट येत नसेल, तर त्या फोनचे दिवस संपत आले आहेत असे समजा.

२. सिस्टीमचे अपडेट नसले तरी ॲपची अपडेट आणि गूगल प्ले सिस्टीम अपडेट करून घ्या. ती वेगळी येतात.

३. मोठे अपडेट वाय-फायवर, फोन पुरेसा चार्ज करून आणि चार-पाच जीबी जागा मोकळी ठेवून करा. फोटो व कागदपत्रे आधी दुसरीकडे साठवा. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री अपडेट करू नका.

४. पॅच थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार टाळा. घरात एक फोन नवा असेल तर पैशाचे काम त्यावर ठेवा. कोणाचीही एपीके फाइल उघडू नका. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

५. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘याला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?’ ही मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत मिळाले, तर त्याची दोन वर्षे आधीच संपलेली असतात. परवडणाऱ्या फोनांतही आता फरक आहे. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी ए १६ 5G साठी सहा वर्षांची हमी दिली होती.

ही माहिती एकट्यापुरती ठेवू नये. वाचनालयात, विहारात, अभ्यासिकेत महिन्यातून एक दिवस फोन तपासणीचा ठेवता येईल. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणार्थ दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर दोन्ही जिल्ह्यांतून लोक येतात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल फोन तपासून देणाऱ्या तरुणांचे असायला काय हरकत आहे?

मागणी कोणाकडे करायची?

वैयक्तिक काळजीने अर्धेच काम होते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपनीला सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करावी लागते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवण्याची अट घातली आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क देतो. फोनच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख छापा, ही मागणी त्या हक्कातूनच येते.

आणि जिथे सरकारच गिऱ्हाईक आहे, तिथे तर नव्या कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही. सरकारी खरेदीच्या निविदेत अपडेटची किमान वर्षे, रॅम आणि दुरुस्तीची जबाबदारी लिहिता येते. आपल्या तालुक्याच्या एकात्मिक बालविकास सेवा प्रकल्प कार्यालयात माहिती अधिकाराचा साधा अर्ज देता येतो. सेविकांना दिलेल्या फोनचे मॉडेल कोणते? खरेदीचे वर्ष कोणते? अँड्रॉइड आवृत्ती कोणती? वॉरंटी कधीपर्यंत? सुरक्षा अपडेट देण्याची अट करारात आहे का? दुरुस्तीचा खर्च कोणत्या निधीतून होतो? पंचायत समितीत रोजगार हमीच्या ॲपबद्दलही विचारावे. फोन चालला नाही तर हजेरीची पर्यायी पद्धत कोणती आणि ती लेखी आदेशात आहे का?

ज्याने ॲप सक्तीचे केले, त्याने ते चालेल असा फोन, तेवढे नेटवर्क आणि ते बिघडल्यावरची कागदी वहीसुद्धा दिली पाहिजे. आपल्या तालुक्यात यातले काय आहे आणि काय नाही, हे पुढच्या ग्रामसभेच्या आधी लिहून काढा आणि ग्रामसभेत मांडा.